दुसऱ्याच्या पायासाठी मोजे विणताना

स्वेटर अंगावर थोडा सैल झाला तरी चालतो, मफलरला तर मापच नसतं. मोज्याचं तसं नाही. एक सेंटिमीटर लांब झाला की बुटात चुणी पडते, एक सेंटिमीटर आखूड झाला की अंगठ्याचं नख लोकर फाडतं. त्यात ज्याला द्यायचा त्याला आधी कळू द्यायचं नसतं, म्हणजे मधेमधे पायात चढवून बघायची सोय नाही. म्हणून भेटीच्या मोज्यात लोकर, रंग, नक्षी हे सगळं नंतर. आधी पाय, मग वीण किती घट्ट येते ते. या दोन गोष्टी बरोबर असतील तर बाकीच्या चुका उसवून दुरुस्त होतात.

भाऊबीजेला द्यायचे असतील तर गणपती विसर्जन झालं की टाके घाला. मधे साधारण दीड महिना मिळतो, आणि बेळगाव-खानापूरकडची थंडीही त्याच सुमारास सुरू होते. हिशेब करून बघा: बारीक लोकरीच्या एका मोज्यात सुमारे अकरा हजार टाके असतात. मिनिटाला २५ टाके पडणाऱ्या हाताला एक मोजा साडेसात तासांचा, जोडी पंधरा तासांची. नवशिक्याने तीस तास धरावेत. रोज पाऊण तास बसलात तर चाळीस दिवस.

पायाचं माप, न विचारता

दोन मापं लागतात: टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, आणि चवड्याचा घेर, म्हणजे बोटांच्या मुळाशी जिथे पाऊल सगळ्यात रुंद असतं तिथला.

लांबीसाठी जुनी चप्पल उत्तम. रोज वापरलेल्या चामडी चपलेवर टाचेचा आणि अंगठ्याचा खळगा पडलेला असतो. एका खळग्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत टेप लावा. चपलेची पूर्ण लांबी मोजू नका, ती पायापेक्षा एक-दीड सेंटिमीटर जास्त असते. न्हाणीघरातून बाहेर आलेल्या माणसाच्या ओल्या पावलाचा ठसा शहाबादी फरशीवर दोन-तीन मिनिटं टिकतो, तेवढ्यात दोरा टाकून माप घेता येतं. काहीच जमलं नाही तर बुटाचा नंबर मिळवा. भारतीय ५ नंबर म्हणजे पाऊल साधारण २४ सेमी, ६ म्हणजे २५ च्या आतबाहेर, ८ म्हणजे साडेसव्वीस. कंपनीगणिक थोडा फरक पडतो.

घेर मात्र चोरून मोजता येत नाही. बहुतेक बायकांचा २१ ते २३ सेमी भरतो, पुरुषांचा २४ ते २६. शेतात अनवाणी वावरलेल्या माणसाचा चवडा पसरट असतो. त्याच्यासाठी वरचा आकडा धरा.

मोजा पायापेक्षा लहान विणायचा असतो, कारण वीण ताणते. घेर दहा टक्क्यांनी कमी, लांबी एक ते दीड सेंटिमीटरने कमी. पायाच्या मापाचाच विणला तर दोन धुण्यांत ओघळून घोट्याखाली गोळा होतो. अपवाद म्हाताऱ्या माणसांचा. संध्याकाळी पाय सुजत असतील तर घेर पाच टक्केच कमी करा आणि वरची बॉर्डर सैल ठेवा. मधुमेह असलेल्यांना पायाची संवेदना कमी असू शकते. त्यांच्या मोज्यात आतून एकही गाठ नको.

लोकर आणि सुया

बेळगावात खडेबाजार-गणपत गल्लीच्या पट्ट्यात किंवा निपाणी-चिकोडीच्या बाजारात 'उलन' म्हणून जे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं. दुकानदार कन्नडभाषक असला आणि 'उण्णे दारा' मागितलंत तरी पुढ्यात गुंडा तोच येतो. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपं, रंगाला छान, स्वस्त. पण घाम शोषत नाही आणि एकदा ताणलं की पुरतं परत येत नाही. रात्री घरात घालायच्या मोज्यांना चालेल. दिवसभर बुटात राहणाऱ्या पायाला ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन अशी खास मोज्यांची लोकर मागवा. तिची १०० ग्रॅमची लडी ४०० ते ४२० मीटर भरते आणि मध्यम पायाच्या जोडीला ७५-८० ग्रॅम पुरते. ८ नंबरच्या वरचा पाय असेल तर पूर्ण १०० ग्रॅम संपू शकते. तेव्हा दोन लड्या घ्या आणि दोन्हींच्या पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा. दुकानातल्या दिव्याखाली सारखे वाटणारे दोन लॉट उन्हात वेगळे दिसतात.

आपल्याकडची दख्खनी मेंढीची लोकर वापरावी का, असं बरेच जण विचारतात. धनगरांच्या घोंगड्याला ती शोभते. पण तिचा केस जाड आणि राठ, उघड्या कातडीला टोचतो. बुटात घालायचे तळवे करायला घ्या, मोज्याला नको.

सुया दोन्ही टोकांच्या, पाचचा संच, २.५ मिमीच्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: १४ म्हणजे २ मिमी, १३ म्हणजे २.२५, १२ म्हणजे २.७५, १० म्हणजे ३.२५. नंबर आणि मिलिमीटर यांत गोंधळ नको म्हणून मिलिमीटरच मागा. सायकलची आर साधारण २ मिमीची असते. ती कापून, टोकं घासून काही जण चालवतात. सैल हाताच्या माणसाला ती उपयोगी पडते, पण पावसाळ्यात गंजते आणि फिक्या लोकरीवर डाग पाडते.

शिवाय शिवणाची बोथट मोठी सुई, टेप, सेफ्टी पिना, आणि टाचेसाठी लोकरीच्याच रंगाचा बारीक नायलॉन दोरा. काळी किंवा गडद निळी लोकर पहिल्यांदा घेऊ नका. संध्याकाळच्या दिव्यात तिचे टाके दिसत नाहीत.

वीण तपासणं

इथे आळस केला की मोजा वाया जातो. सपाट विणलेला नमुना उपयोगाचा नाही, कारण उलट ओळी बहुतेकांच्या हातून सैल येतात आणि मोजा तर गोल, फक्त सुलट टाक्यांनी विणला जातो. म्हणून मोज्याचा पायच नमुना समजा. बॉर्डर झाल्यावर चार सेंटिमीटर साधी वीण करा, सुया न ताणता टेबलावर ठेवा, आणि ५ सेमीत किती टाके बसतात ते दोन ठिकाणी मोजा. १५ यायला हवेत, म्हणजे १० सेमीत ३०. फेऱ्या १० सेमीत साधारण ४२.

१५ ऐवजी १४ आले तर? ६० टाक्यांचा घेर २० ऐवजी २१.४ सेमी होतो. २२ सेमीच्या पायाला तो ढगळ. सुई पाव मिलिमीटरने बारीक घ्या आणि परत सुरू करा. टाके कमी करून मापात बसवण्याचा मोह टाळा. सैल विणीचा मोजा मापात बसला तरी तळव्याला लवकर विरतो.

टाके किती घालायचे त्याचं गणित सरळ आहे: चवड्याचा घेर गुणिले ०.९ गुणिले ३, आणि जवळची चारने भाग जाणारी संख्या. २२ सेमीला ५९.४, म्हणजे ६०. पुढचं सगळं ६० धरून सांगितलं आहे. २१ च्या पायाला ५६, २४ ला ६४, २५ ला ६८. बाजारातली जाड अ‍ॅक्रिलिक लोकर ३.२५ मिमीच्या सुईवर १० सेमीत २४ टाके देत असेल तर २२ सेमीला ४८ टाके पुरतात आणि काम लवकर उरकतं.

टाके घालणं आणि वरचा भाग

सुमारे ९० सेमी दोरा सोडा. दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर ६० टाके घाला, मग एक सुई ओढून घ्या. टाके आपोआप सैल राहतात. हे का, तर मोजा घालताना वरच्या कडेला घेर ओलांडावा लागतो तो घोट्याचा नव्हे, टाचेच्या टोकापासून तिरका पावलाच्या वळणावरून जाणारा. २२ सेमीच्या पायाला तो ३० सेमीच्या वर असतो. कडा घट्ट असेल तर मोजा टाचेवर अडतो, आणि भेट घेणारा बिचारा 'छान आहे' म्हणून कपाटात ठेवतो.

चार सुयांवर १५-१५ टाके वाटा. गोल जोडण्याआधी टाक्यांची कडा सगळीकडे सुयांच्या खालीच आहे, कुठे पीळ पडून वर आलेली नाही, हे बघा. पीळ राहिला तर तो दोन-तीन फेऱ्यांनंतरच लक्षात येतो आणि मग उसवण्याशिवाय इलाज नाही. २ सुलट २ उलट अशी ५ सेमी बॉर्डर, मग सगळे सुलट. कडेपासून एकूण १८ सेमी झालं की थांबा.

सुयांच्या सांध्यावर सैल टाक्यांची उभी शिडी दिसू लागते, ही सगळ्यांचीच तक्रार. नव्या सुईवरचा पहिला टाका ओढून उपयोग होत नाही. दुसरा टाका विणल्यावर दोरा ओढा, मग पहिलाही आवळतो. तरी राहिली तर दर काही फेऱ्यांनी दोन टाके पुढच्या सुईवर सरकवा. शिडी एका जागी साठत नाही.

टाच

टाच म्हटलं की हात थबकतो. खरं तर बारा ओळींचा हिशेब आहे.

सुई १ आणि २ वरचे ३० टाके एका सुईवर घ्या. उरलेले ३० पावलाच्या वरच्या बाजूचे, ते तसेच थांबतील. इथून लोकरीबरोबर नायलॉन दोरा धरा. आता सपाट, मागेपुढे विणायचं. सुलट बाजूला: १ टाका न विणता उचला, १ सुलट, हेच शेवटपर्यंत. उलट बाजूला: पहिला उचला, बाकी सगळे उलट. अशा ३० ओळी. उचललेल्या टाक्यांमागून दोरा जातो म्हणून ही पट्टी दुहेरी जाडीची होते आणि बुटाच्या घासण्याला टिकते. कडेला १५ साखळ्या दिसल्या पाहिजेत. मोजून घ्या.

पुढे दोन प्रकारची घट लागते. उजवी घट म्हणजे दोन टाके एकत्र सुलट. डावी घट म्हणजे दोन टाके एकेक करून सुलटसारखे उजव्या सुईवर उचलायचे, डाव्या सुईवर परत घ्यायचे आणि मागच्या बाजूने एकत्र विणायचे. आता टाच वळवा:

ओळ १: १७ सुलट, डावी घट, १ सुलट, काम वळवा.
ओळ २: १ उचला, ५ उलट, २ एकत्र उलट, १ उलट, वळवा.
ओळ ३: १ उचला, ६ सुलट, डावी घट, १ सुलट, वळवा.
ओळ ४: १ उचला, ७ उलट, २ एकत्र उलट, १ उलट, वळवा.

असंच मधला आकडा दर ओळीला एकाने वाढवत जा. ओळ ११ मध्ये तो १४ होतो, ओळ १२ मध्ये १५, आणि सुईवर १८ टाके उरतात. वळवताना विणलेल्या आणि न विणलेल्या टाक्यांमध्ये फट दिसते. घट नेहमी त्या फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक मिळून करायची. फट दिसत असेल तर आकडे मोजायचीही गरज नाही.

टाके वेगळे असतील तर पहिल्या ओळीत टाचेच्या टाक्यांचे निम्मे अधिक दोन विणा: ३२ ला १८, ३४ ला १९. ५६ किंवा ६४ टाक्यांच्या मोज्यात शेवटच्या दोन ओळींत घटीनंतरचा एक टाका शिल्लक राहत नाही. काही चुकलेलं नाही, घट करून वळा. नायलॉन दोरा इथे तोडा.

कळी

परकराला कळी लावतात तशीच ही, दोन्ही बाजूंना त्रिकोण. १८ टाके सुलट विणा, मग पट्टीच्या कडेच्या १५ साखळ्यांतून १५ टाके उचला. कोपऱ्यात, जिथे पट्टी आणि पावलाची बाजू भेटते, तिथे भोक पडतं. कारण त्या जागी दोन बाजू वेगवेगळ्या दिशांना ओढल्या जातात. तिथला आडवा दोरा उचलून, पीळ देऊन एक जादा टाका करा. म्हणजे १६ झाले. वरच्या बाजूचे ३० विणा, दुसऱ्या कोपऱ्यात तसाच एक आणि कडेतून १५ उचला, मग टाचेचे ९ विणून थांबा. फेरीची सुरुवात आता तळव्याच्या मधोमध आली. सुई १ वर २५, सुई २ व ३ वर १५-१५, सुई ४ वर २५, एकूण ८०.

एक फेरी घटीची: सुई १ वर शेवटचे ३ उरले की उजवी घट, १ सुलट. सुई २ आणि ३ साध्या. सुई ४ वर १ सुलट, डावी घट, बाकी सुलट. पुढची फेरी साधी. असं दहा वेळा केलं की परत ६०. दोन्ही घटी एकाच प्रकारच्या केल्या तर एका बाजूची रेघ गुळगुळीत येते आणि दुसरीकडची खरबरीत. मापात फरक पडत नाही, पण भेटीच्या वस्तूत ते डोळ्यांत भरतं.

पाऊल आणि टोक

आता सरळ विणत जा. पाऊल २४ सेमीचं असेल तर मोजा २२.५ ते २३ सेमीचा हवा, आणि टोक साडेचार सेंटिमीटर घेतं. म्हणून टाचेच्या मागच्या टोकापासून १८ ते १८.५ सेमी झालं की थांबा. मापताना मोजा सपाट पसरा, हातात लोंबकळत धरून मोजलात तर एक सेंटिमीटर फसाल.

टोकाची घट: सुई १ आणि ३ च्या शेवटी उजवी घट, १ सुलट. सुई २ आणि ४ च्या सुरुवातीला १ सुलट, डावी घट. एक फेरी घटीची, एक साधी, असं ७ वेळा. ३२ टाके उरतात. मग सलग ४ फेऱ्या घटीच्या, १६ उरतात. सुई १ चे ४ टाके आणखी एकदा विणा. ४ आणि १ वरचे ८ एका सुईवर घ्या, २ आणि ३ वरचे ८ दुसऱ्या. ३० सेमी दोरा ठेवून तोडा.

बंद करताना गाठोडं करून ओढू नका. बुटात ते नखाखाली टोचतं. सांधा. वरची बाजू पुढे ठेवून दोन्ही सुया समांतर धरा आणि दोरा बोथट सुईत ओवा. आधी एकदाच: पुढच्या पहिल्या टाक्यात उलटसारखी सुई घालून टाका तसाच ठेवा, मागच्या पहिल्यात सुलटसारखी घालून तसाच ठेवा. मग हा क्रम: पुढचा पहिला सुलटसारखा घेऊन सोडा, त्यामागचा उलटसारखा घेऊन ठेवा; मागचा पहिला उलटसारखा घेऊन सोडा, त्यामागचा सुलटसारखा घेऊन ठेवा. मधेच कुणी हाक मारली तर पुढच्या सुईवरची दुक्कल पूर्ण केल्याशिवाय ओ देऊ नका. क्रम चुकला की सांध्यावर उंचवटा येतो.

कोल्हापुरी घालणाऱ्यांसाठी

अथणी-निपाणीकडच्या अंगठ्याच्या चपलेत साधा मोजा बसत नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे, तेव्हा असे पाय आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना अंगठा वेगळा हवा.

टोकाच्या साडेपाच सेमी अलीकडे थांबा. अंगठ्याच्या बाजूचे वरचे १० आणि खालचे १० टाके दोऱ्यावर काढून ठेवा. डाव्या-उजव्या मोज्यांत ही बाजू उलट असते, इथेच सगळे फसतात. फटीत ४ नवे टाके घालून उरलेले ४० मिळून ४४ वर गोल विणा. ६ फेऱ्या साध्या, मग फक्त करंगळीच्या बाजूला वर एक आणि खाली एक अशी एकाआड एक फेरीत ७ वेळा घट. उरले ३०. त्यानंतर दोन्ही बाजूंना २-२ टाक्यांची घट सलग ३ फेऱ्या, १८ उरले की सांधा. अंगठ्याला: राखलेले २०, नव्या टाक्यांतून ४ असे २४. २० फेऱ्या साध्या, मग दोन-दोन एकत्र करत १२, पुन्हा ६, दोरा आतून ओढून घ्या. अंगठ्याच्या मुळाशी भोक राहिलं तर उरलेल्या दोऱ्याने आतून दोन टाके मारा.

दुसरा मोजा, आणि देताना

पहिला मोजा झाला की दुसरा रेंगाळतो. वहीत बॉर्डरच्या, पायाच्या, पावलाच्या फेऱ्या लिहून ठेवल्या असतील तर दुसरा मोजून नव्हे, फेऱ्यांनी जुळतो. पहिला संपला त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके घाला. आठवडाभराच्या खंडानंतर हात बदलतो आणि एक मोजा घट्ट, एक सैल येतो.

दोऱ्यांची टोकं आतून आठ-दहा टाके तिरकी ओवा, गाठ मारू नका. कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून वीस मिनिटं भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका. सपाट वाळवा. कडेला चिमटा लावून टांगलात तर बॉर्डर लांबते. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात, तेव्हा पंख्याखाली, जाळीदार टोपल्यावर पसरा.

सोबत एक चिठ्ठी ठेवा: गरम पाणी नको, मशीन नको. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. उष्णता आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून मुलाच्या मापाचा होतो. अ‍ॅक्रिलिक असेल तर इस्त्री नको एवढं लिहा. उन्हाळ्यात ठेवायचे असतील तर धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत. मळक्या लोकरीला कसर आधी लागते.

आजी-आजोबांसाठी असतील तर गुळगुळीत फरशीवर मोजा घसरतो हे विसरू नका. तळव्याला मऊ चामड्याचे दोन तुकडे, एक टाचेखाली आणि एक चवड्याखाली, जाड दोऱ्याने शिवा. सैन्यातल्या मुलासाठी असतील तर ड्युटीच्या बुटात मोज्याची जाडी चालेल की नाही हे त्यालाच ठाऊक. बराकीत रात्री घालायचे म्हणून थोडे सैल, ६४ ऐवजी ६८ टाक्यांवर विणा. आणि उरलेली लोकर टाकू नका. पाच-सहा मीटरची छोटी गुंडी जोडीबरोबर द्या. टाच विरेल तेव्हा रफू करायला त्याच रंगाची लोकर पुन्हा मिळत नाही.